ढवळी किल्ला चढली

अजून पंधरा-एक वर्षांनी साताऱ्यात घडलेली ही गोष्ट आहे. झालं, पहिल्याच वाक्याला तुमच्या भुवया वर गेल्या. जाऊ द्या. यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच लिहून देतो. आणि जो ठेवील त्याला पावशेर कंदी पेढे बक्षीस. मकरंद डिस्कळकरानं ती दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं देऊन-घेऊन झाल्यावर, आपल्या घरच्या सोफ्यावर मांडी ठोकून भरल्या हॉलमध्ये सांगितली, तेव्हा त्याचीही सुरुवात हीच होती. "कुणाला खरं वाटणार नाही," तो म्हणाला, "पण आमच्या कचेरीतली ढवळी काल किल्ला चढली." त्यानं सांगितली तशीच इथं सांगतो. तिखटमीठ घातलंय, पण बेतानं.

मकरंद हा बसणारा माणूस. काही माणसं गाणारी असतात, काही भांडणारी, तसा हा बसणारा. पोवई नाक्याजवळ एका विमा कंपनीच्या दावे कचेरीत त्याची बावीस वर्षं बसून गेली. पूर्वी तिथं निदान फाइल आणायला उठावं लागे, सहीसाठी साहेबांच्या केबिनपर्यंत जावं लागे, झेरॉक्सच्या मशीनपाशी ताटकळावं लागे. मग फाइल पडद्यावर आली, सही अंगठ्यावर आली, आणि पुढं दावे तपासायचं कामही यंत्रच करू लागलं. यंत्राला ज्याचा उलगडा होत नसे तेवढाच दावा माणसापुढं यायचा. ही म्हैस वीज पडून मेली की म्हातारपणानं? माणसानं फोटो बघायचा आणि 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर' म्हणायचं. नुसतं म्हणायचं, कारण बटण दाबायचेही कष्ट उरले नव्हते. दिवसभरात मकरंदचं सगळ्यात जास्त हलणारं अंग म्हणजे जीभ.

त्याची बायको मेघना नेमकी उलट. घरी ब्लाउज शिवायचं काम, त्यामुळं बसणं तिलाही चुकलं नव्हतं. पण चार वाजले की मशीनवर कापड टाकून ती मैत्रिणींबरोबर चालायला निघायची. सणावाराला किल्ल्यावर, अजिंक्यताऱ्यावर, देवीला. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला ती मकरंदला म्हणाली होती, चला की किल्ल्यावर, दोघं जाऊ. तो म्हणाला, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष हे असं आहे, की ते कितीही वर्षं पुढंच राहू शकतं. मध्यंतरी तिनं त्याला चालायचे बूट घेऊन दिले. दुकानात घालून बघितले तेवढेच, बाकी ते खोक्यात. तरी दर खंडेनवमीला, घरोघर हत्यारा-अवजारांची पूजा होते तेव्हा, मेघना शिवणयंत्र, कात्री, विळी आणि मिक्सर यांच्या रांगेत ते बूटही मांडायची. त्यांना हळदकुंकू लावून झालं की मकरंदकडं बघायची. मकरंद गुडघा चोळायला लागायचा.

हा गुडघाही त्याचा नव्हता म्हणा. म्हणजे पायात होता तो त्याचाच होता आणि ठणठणीत होता. दुखणारा गुडघा होता शेजारच्या टेबलावरच्या शशांक पिसाळचा. शशांक कसा कण्हतो, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकतो, पावसाळ्यात काय म्हणतो, हे सगळं बघून मकरंदनं त्याची लक्षणं घरच्या वापरासाठी उसनी आणली होती. दोघांची दोस्तीच तशी होती. बावीस वर्षं एका चहात दोघं: कप मकरंदचा, बशी शशांकची.

अशा या कचेरीत एका सोमवारी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून डॉक्टर चारुता मोघे आल्या आणि त्यांच्याबरोबर एका खोक्यातून ढवळी आली. डॉक्टरबाईंनी कुणालाही उभं राहायला सांगितलं नाही, तेव्हाच त्या लोकांना आवडल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. माणूस बसला की मांड्यांचे मोठे स्नायू झोपी जातात. रक्तातली चरबी उचलून स्नायूंच्या भट्टीत टाकणारं एक विकर तिथं असतं, रसायनांतला हमाल म्हणा ना. मालकच झोपल्यावर हमाल कशाला राबेल? चरबी रक्तात फिरत राहते, साखर फिरत राहते, कुणी त्यांना कामाला लावत नाही. सकाळी तासभर व्यायामशाळेत घाम गाळला आणि मग दिवसभर बसलं, तर तो घाम पुरा पडत नाही. थोडं थोडं, पण सारखं उठायला हवं. "एवढं तुम्हालाही ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ठाऊक असून कुणी उठत नाही, माझं संशोधन त्यावर आहे."

आधीच्या एका कचेरीत त्यांनी पावलं मोजणारी घड्याळं वाटली होती. लोकांनी ती टेबलफॅनच्या पात्याला बांधली आणि त्या महिन्याचं बक्षीस पंख्याला मिळालं. दुसरीकडं तासातासाला हलणाऱ्या खुर्च्या दिल्या, तर माणसं हलत्या खुर्चीत जास्त गाढ झोपली. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की वाघ काही तब्येतीसाठी पळत नाही. तो हरणासाठी पळतो.

"तर तुमचं हरण कोणतं?" त्यांनी विचारलं.

"चहा," शशांक म्हणाला. त्यावर दुसरं मत पडलं नाही.

ढवळी म्हणजे कमरेइतकी उंच, चार चाकांची पांढरीशुभ्र गाडी. पोटात चहाची टाकी, बाजूला कपांची चळत, कपाळावर काचेचा एकच डोळा आणि मागं छोटी घंटा. घंटा वाजली की समजायचं, चहा आला. आपण पुढं झालो की ती मागं सरकायची. आपण थांबलो की थांबायची. आपण परत खुर्चीत बसलो, तर टेबलाजवळ येऊन वेलदोड्याचा वास सोडायची, इतकी चावट. तिचं शास्त्र सगळं त्या डोळ्यात होतं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीत रक्ताची लाट येते आणि चेहरा किंचित लाल होऊन परत फिका होतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, काचेच्या डोळ्याला दिसतं. तोंडाकडं नुसतं बघून ढवळी नाडी मोजायची. ज्याची नाडी जितकी चढायला हवी तितकी चढली की ती गुमान उभी राहायची आणि धार सोडायची. कुणाला किती पळवायचं, हे तिचं तिनं ठरवलेलं. लंगड्या शशांकला ती दोन टेबलांच्या पलीकडं शरण यायची. मकरंदला मात्र तिनं ओळखलं होतं.

पहिल्या आठवड्यात माणसांनी तिला फसवायचे मार्ग शोधले नसते तर ती कचेरी कसली. शोध लावला कचेरीतल्या तृप्ती मॅडमनी. त्या चहाच्या वेळी नवऱ्याला फोन लावून गॅसच्या टाकीवरून कडाकडा भांडल्या, आणि ढवळी जागच्या जागी उभी राहून चहा ओतू लागली. नाडी ती नाडी, चालून चढली काय आणि भांडून चढली काय! मग दोन-तीन दिवस चहाच्या वेळेला सगळी कचेरी आपापल्या घरी फोन करून भांडत होती. कचेरीचे मुख्य भोईटे साहेब, त्यांचा सासूबाईंशी अकरा वर्षांचा अबोला त्या निमित्तानं सुटला. शेवटी पुण्याला खबर गेली, बाईंनी तिथूनच काहीतरी फिरवलं, आणि ढवळी नाडीबरोबर छातीचा भातादेखील बघू लागली. रागात श्वास अडतो, चालताना खोल जातो. नाइलाज झाला. माणसं चालू लागली.

ढवळी शिकत होती. महिन्याभरात तिची फेरी टेबलांमधून पॅसेजमध्ये गेली, पॅसेजमधून मागच्या उतारावर, तिथून पार्किंगला दोन वळसे. कंपाउंडच्या बाहेर मात्र ती जात नसे. फाटकात जमिनीवर एक पिवळा पट्टा आखला होता, तो दिसला की ती वळायची. भोईटे साहेबांची साखर उतरली. तृप्ती मॅडम जिन्यानं येऊ लागल्या. मकरंदची पँट कमरेवरून घसरायला लागली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि गणपतीच्या गोंधळात मेघनाच्या लक्षात येणार नाही असा त्याचा हिशेब होता.

कारण आता पंचाईत अशी, की त्यानं घरी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. कचेरीत जो गुडघा पळतो तो घरी कसा दुखवायचा? खरं बोलावं, तर इतक्या वर्षांचं खोटं एकदम अंगावर येणार. म्हणून तो घरी आल्यावर पूर्वीपेक्षा जास्त बसू लागला. उठताना मुद्दाम "आई गं" म्हणू लागला. मेघना मुकाट्यानं गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची, आणि ती ठणठणीत गुडघ्यावर ठेवून घेताना त्याला फार वाईट वाटायचं. पण तितकंही नाही, की पिशवी परत करावी.

व्हायचं ते मंडईत झालं. तृप्ती मॅडम आणि मेघना एकाच भाजीवालीपुढं उभ्या राहिल्या.

त्या रात्री जेवताना मेघनानं वाटीत आमटी वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "चहामागं पळता म्हणे तुम्ही?"

"पळत नाही काही. भरभर चालतो."

"तृप्ती म्हणाली, सगळ्यांच्या पुढं असता."

मकरंदनं भाताचा घास मोठा घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर लांबवता येतं.

"नाक्यापर्यंत चला म्हटलं की गुडघा," मेघना म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. राग नव्हता. भाजी आज महाग झाली म्हणावं, तशा आवाजात ती बोलली, आणि नंतर ताटं उचलून घेऊन गेली. गरम पाण्याची पिशवी त्या दिवसापासून कपाटात गेली. चार वाजता निघताना "येताय का?" असं ती गंमत म्हणून तरी विचारायची, तेही बंद झालं. माणूस विचारायचं थांबला की समोरच्याला सुटल्यासारखं वाटायला हवं. मकरंदला चार दिवस तसं वाटलंही. पाचव्या दिवसापासून चार वाजले की तो कचेरीतल्या घड्याळाकडं बघू लागला.

मग खंडेनवमी आली. सकाळी आंघोळ करून तो बाहेर आला, तर देवापुढं पाटावर पूजा मांडलेली. शिवणयंत्राला झेंडूची माळ, कात्री, विळी, मिक्सर, मेघनाचे झिजलेले चालायचे बूट. त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती.

"माझे बूट कुठायत?"

"दिले," मेघना म्हणाली. "धुणंभांडीवाल्या सुमनच्या नवऱ्याला. तो चालतो."

एवढंच. मग तिनं नैवेद्याचं ताट उचललं आणि सांगितलं, की आज दुपारी ती मैत्रिणींबरोबर किल्ल्यावर देवीला जाणार आहे. संध्याकाळी उशीर झाला तर कुकर लावा. मकरंद मान हलवून कचेरीत गेला. त्या दिवशी तीन म्हशी त्यानं न बघताच मंजूर केल्या.

कचेरीतली पूजा दुपारी जेवणानंतर. भोईटे साहेब दरवर्षी घाईत उरकायचे, पण यंदा साखर उतरल्यामुळं त्यांना भक्तीचं भरतं आलं होतं. पडद्यांना फुलं वाहिली, दाराला तोरण, फाटकाला तोरण, आणि मग साहेब सोवळं नेसून ढवळीपुढं उभे राहिले. म्हणाले, हिनं मला जगवलं. आता गाईची पूजा करायची तर कुंकू कुठं लावायचं? कपाळावर. ढवळीच्या कपाळावर काय होतं? डोळा. साहेबांनी पाच बोटं आधी ओल्या हळदीत बुडवली, मग कुंकवात, आणि त्या काचेच्या डोळ्यावर भक्तिभावानं ठसठशीत मळवट भरला. गळ्यात झेंडूची जाड माळ घातली. पोटात त्या दिवशी खास मसाल्याचा चहा होता, सणाचा. पुण्यात बसून ढवळीच्या सूचनांचं जाड पुस्तक लिहिणाऱ्यांनी पाणी, धूळ, उंदीर, सगळ्याचा विचार केला होता. मळवटाचा केला नव्हता.

आता बघा काय झालं ते. डोळ्यावर कुंकू, त्यामुळं ढवळीला सगळे चेहरे सारखेच लालभडक दिसू लागले. लाली चढत नाही, उतरत नाही. म्हणजे तिच्या हिशेबानं एकाचीही नाडी हलत नाही. एवढी महिन्याभराची मेहनत आणि ही माणसं जागच्या जागी मढ्यासारखी! तिला तिच्या परीनं वाटलं असेल, की आता लांबचा पल्ला घेतल्याशिवाय काही खरं नाही. घंटा वाजवत ती निघाली. पॅसेज, उतार, पार्किंग. माणसं नेहमीसारखी मागं. ती फाटकाशी आली, पण डोळ्यावर हळद, त्यामुळं सारी जमीनच पिवळी. पट्टा कुठला दिसायला? तोरणासाठी फाटक सताड उघडं होतं. ढवळी सरळ रस्त्यावर गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माळ बघून तिला नमस्कार केला.

सणाची दुपार. पोवई नाक्यावरून झेंडूची माळ घातलेली चहाची गाडी घंटा वाजवत चालली आहे, आणि तिच्यामागं एक साहेब सोवळ्यात, चार-दोन बाया भरजरी साड्यांत, आठ-दहा कारकून, सगळे घामाघूम. लोकांना वाटलं, विसर्जनाचं काहीतरी राहून गेलेलं दिसतंय. दोघा-तिघांनी रांगेत येऊन टाळ्याही वाजवल्या. बाजाराच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून ढवळीनं मोकळा रस्ता धरला, आणि तो होता किल्ल्याकडं जाणारा.

माणसं गळू लागली. भोईटे साहेब सोवळ्याच्या काळजीनं नाक्यावरच थांबले. तृप्ती मॅडम पेढ्यांच्या दुकानाशी, पेढ्यांच्या बाजूला झुकल्या. शशांक तर चालतच नव्हता. त्यानं रिक्षा केली होती आणि रिक्षावाल्याला नुसतं म्हणाला होता, त्या चहाच्या मागं घे. पायथ्याशी पहिल्या वळणावर पाण्याची मोरी आहे, तिथं रिक्षा थांबली. पुढं चढ. पुढं ढवळी, आणि तिच्यामागं उरला एकटा मकरंद.

"शशा म्हणाला, तू हो पुढं, माझी बशी घेऊन ये," हॉलमध्ये मकरंदनं सांगितलं आणि पाहुणे हसले.

मग त्यानं चढ सांगितला. हा भाग त्यानं फार रंगवला. पहिल्या वळणाला ढवळी दहा हात पुढं, दुसऱ्याला वीस. तो थांबला की ती थांबायची, मागं वळून वास सोडायची. तिसऱ्या वळणाला त्याच्या सँडलचा पट्टा तुटला, तो त्यानं माळेतल्या पडलेल्या दोऱ्यानं बांधला. एकदा तर हात लागेल इतकी जवळ आली, पण समोरून देवीहून परतणारी माणसं आली आणि ती त्यांच्यातून सुळकन निसटली. छाती भात्यासारखी चालत होती. आपल्याला इतकं खोल श्वास घेता येतो, हे त्याला कित्येक वर्षांत माहीत नव्हतं. खाली सातारा लहान होत गेला. शेवटच्या दरवाज्यात ढवळी शिरताना त्याला तिची घंटा ऐकू आली, आणि तो आत गेला, तर देवळाच्या पायरीवर चार मैत्रिणींच्या मधोमध मेघना बसलेली.

तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू होता. तो तसाच राहिला.

"तुम्ही?"

मकरंदनं नुसता हात हलवला, पुढं, मागं, कुठंतरी. "ढवळी," तो म्हणाला. "चहाची गाडी. इकडंच आली."

"इकडं काही नाही आलं."

"आत्ता होती पुढं. तटावरून पलीकडं उतरली असेल."

मैत्रिणी इतक्या हसल्या, की एकीला ठसका लागला. मेघना हसली नाही लगेच. तिनं त्याच्या तुटक्या सँडलकडं बघितलं, घामेजलेल्या शर्टाकडं बघितलं, आणि मग म्हणाली, "चहासाठी किल्ला चढलात."

"निम्मा चढल्यावर परत फिरणं बरं दिसेना."

तिनं सरकून जागा करून दिली. पाण्याची बाटली दिली, लाडवातला अर्धा दिला. मैत्रिणी शहाण्या, त्यांना एकाएकी देवळामागचं काहीतरी बघायचं सुचलं. दोघं पायरीवर बसून राहिली. खाली सगळं गाव पसरलेलं, घरांची छपरं काड्यापेट्यांएवढी. मकरंदनं बोट केलं. "ते निळं छप्पर. तिथं मी बसतो."

"माहितेय," मेघना म्हणाली. "दर वेळी इथून बघते."

उतरताना त्यानं हट्ट धरला, की गाडीरस्त्यानं नको, पलीकडच्या पायवाटेनं उतरू. पायवाट लांबची, घसरडी. तिनं विचारलंही, की तुटक्या सँडलनं तिकडून कशाला? तो म्हणाला, तिकडून दृश्य चांगलं दिसतं. या माणसानं आयुष्यात दृश्यासाठी मान वळवली नव्हती. पण ती त्याच्याबरोबर उतरली, आणि घसरड्या जागी दोघांनी आळीपाळीनं एकमेकांना धरलं.

"तर अशी आमची ढवळी किल्ला चढली," मकरंदनं हॉलमध्ये समारोप केला. "आणि तिच्यापायी मी. चहाचा नाद वाईट, दुसरं काय!"

पाहुणे पोट धरून हसत होते. कुणी म्हणालं, वहिनी, आता घरातला चहाही गच्चीवर ठेवत जा. मेघना स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसत होती, पण जरा कडेकडेनं, कुणी आपल्यासाठी आणलेली भेट बघायला घ्यावी आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव निघावं, तशी. सकाळपासून ती त्याच्याशी गोड होती. चहासाठी का होईना, असं ती मैत्रिणींना फोनवर दोनदा म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा 'का होईना' या शब्दांपाशी तिचा आवाज किंचित खाली आला होता. तो मकरंदनं ऐकला होता. ऐकून गप्प बसला होता. बसण्यात तो वस्ताद.

तेवढ्यात बेल वाजली आणि शशांक आला. हातात आपट्याची पानं, एक पाय ओढत. सगळ्यांना सोनं दिलं, सोफ्याच्या कडेला गुडघा लांब करून बसला आणि हसण्याचं कारण विचारलं. तीन-चार जणांनी एकदम सांगितलं, की ढवळी किल्ला कशी चढली, दरवाज्यात घंटा कशी वाजली, तटावरून कशी उतरली.

मकरंद त्याला डोळ्यांनी खुणावत होता. शशांकला दुखऱ्या गुडघ्यामुळं आधीच जग वाकडं दिसायचं. त्याला खुणा काय कळणार?

"कुठली ढवळी?" तो म्हणाला. "मक्या, काय खोटं सांगतोस लोकांना? ढवळी मोरीत पडली होती की."

हॉलमधलं हसू हळूहळू थांबलं.

"पायथ्याच्या मोरीत. तोंड खुपसून, चाकं वर," शशांक सर्वांकडं बघत म्हणाला. "पहिल्याच वळणाला. डोळ्यात एवढं कुंकू, तिला वळण काय दिसणार? आम्ही दोघांनी ओढून काढली. मी रुमालानं तिचा डोळा पुसला. पुसल्याबरोबर तिनं या गड्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि धार सोडली. गरमागरम, मसाल्याची. मी कप भरून याच्यापुढं धरला. बशी माझी, कप तुझा, घे म्हटलं, संपलं पळणं."

"शशा, चहा घे तू," मकरंद म्हणाला. "निवतोय."

पण मेघना ट्रे घेऊन जागची हलली नव्हती. "मग?" तिनं विचारलं.

"मग काय, वहिनी. हा कपाकडं बघेना. वर किल्ल्याकडं बघत उभा राहिला. आणि मला म्हणाला, 'चहा नको.' बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी या कानांनी ऐकलं."